इंग्रजीत कुणी रुसत नाही

आमच्या भागातल्या मुलांना इंग्रजी येत नाही, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. येतं की. बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवर अर्धा तास उभं राहून नुसते कान द्या. प्लॅटफॉर्म, पास, रिचार्ज, झेरॉक्स, लास्ट स्टॉप, सीट ॲडजस्ट. खानापूरकडची मराठी आजी आणि बैलहोंगलकडचा कन्नड कंडक्टर यांचं भांडण मिटतं तेही बऱ्याचदा इंग्रजी शब्दांवरच. जून २०२३ मध्ये कर्नाटकात शक्ती योजना आली, बायकांचा प्रवास फुकट झाला, गाड्या तुडुंब भरायला लागल्या आणि ‘झीरो तिकीट’ हा शब्द शाळेची पायरी न चढलेल्या बायकांच्याही तोंडी बसला.

वरच्या टोकालाही फारसं अडत नाही. मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी, झालेली मुलगी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेते, पहिले दोन महिने रडते आणि दिवाळीपर्यंत ऑस्मॉसिस, व्हेलॉसिटी, कोव्हॅलंट बॉन्ड असले शब्द घरच्यांच्या तोंडावर फेकायला लागते. त्या शब्दांची यादी असते, व्याख्या असते, परीक्षेत मार्क असतात. पाठ करायचं ते पाठ होतं.

घोडं अडतं ते मध्ये. नाइलाजानं, कुरकुरत, ओशाळून, मुद्दाम, उगीचच, काणाडोळा करून, मनावर घेऊन, टाळाटाळ करत. माणसं दिवसभर कशी वागतात ते सांगणारे हे शब्द. आपल्या भाषेत ते कधी शिकलो हेही आठवत नाही, आणि इंग्रजीत शोधायला गेलं तर हाताला लागत नाहीत. युरोपात भाषेच्या ज्या सहा पायऱ्या ठरवल्यात, ए-वनपासून सी-टूपर्यंत, त्यांतल्या मधल्या दोन, बी-वन आणि बी-टू, म्हणजे साधारण हाच प्रदेश. क्लासवाले त्याला ‘इंटरमीजिएट व्होकॅब्युलरी’ म्हणतात आणि पाचशे शब्दांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळे होतात.

असल्या याद्या मी पुष्कळ पाहिल्यात. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, तोही बहुतेक मशिननं काढलेला. वाचताना सगळं कळतं. रात्री झोपून उठलं की निम्मं जातं, आठवड्यानं उरलेलं जातं. यात मुलांचा काही दोष नाही. त्या शब्दांना माणूसच चिकटलेला नसतो, तर आठवणार कशावरून?

आता कन्नडचं बघा. मी लग्नानंतर बेळगावच्या शहापुरात आले तेव्हा माझं कन्नड शाळेतल्या तिसऱ्या भाषेपुरतं होतं. धडा वाचता यायचा, शेजारणीशी बोलता यायचं नाही. शेजारच्या घरात माग होते, साड्या विणायचे. तिथली अक्का दुपारी मागाचा खडखडाट थांबला की दारात येऊन बसायची आणि सून, दीर, व्यापारी, सुताचा भाव या सगळ्यांवर एका दमात बोलायची. तिनं मला एकही शब्द शिकवला नाही. पण ‘सुम्मने’ म्हणजे उगीच, हे मला तिच्या दिरामुळे कळलं, कारण तो काहीही न करता सुम्मने बसलेला असायचा आणि ती ते रोज सांगायची. ‘इरली बिडी’ म्हणजे असू दे, जाऊ दे, हे व्यापाऱ्यानं पैसे कापले त्या दिवशी कळलं. ‘पापा’ म्हणजे बिचारा, ते सुनेच्या माहेरची बातमी आली तेव्हा. आजही हे शब्द ऐकले की आधी ती माणसं डोळ्यापुढे येतात, अर्थ मागाहून.

म्हणजे कन्नडची ही मधली भाषा आम्हाला फुकट मिळते. बसमध्ये, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत माणसं कन्नडमध्ये रुसतात, टोमणे मारतात, माघार घेतात. सीमाभागात भाषेवरून किती रामायण झालं ते सांगायची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि अजूनही त्या तारखेला एका गल्लीत राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लागतात तर दुसऱ्या गल्लीत काळा दिन पाळतात. २००४ पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. पण भांडण असो की शेजार, दोन्ही भाषा अंगाला घासत राहतात. इंग्रजीशी आमचं भांडणही नाही आणि शेजारही नाही. फॉर्म भरायला, फी भरायला, नोकरीला तिची गरज. आमच्या गल्लीत इंग्रजीत कुणी रुसत नाही. मग रुसण्याचे शब्द मुलांनी ऐकायचे कुठे?

माझं उत्तर: गोष्टीत. इंग्रजीत रुसणारी, कुरकुरणारी, खोटं बोलून पुन्हा लाजणारी माणसं आम्हाला दुसरीकडे कुठेच भेटत नाहीत. सिनेमे आहेत, मान्य. पण पडद्यावरची बाई नाइलाजानं किल्ली देते ते दिसतं, ‘नाइलाजानं’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. गोष्ट लिहिणाऱ्याला तो लिहावाच लागतो. कादंबरीतही हे सगळं असतं, पण पीयूसीच्या पोरीच्या हातात तीनशे पानं दिली की ती विसाव्या पानावर खूण घालून ठेवते आणि ती खूण तिथेच म्हातारी होते. चार पानांची गोष्ट एका बैठकीत संपते. संपल्याचं समाधान फार मोठं असतं, विशेषतः ज्या भाषेत आजवर प्रश्नोत्तरांपलीकडे काहीच पूर्ण केलेलं नाही त्या भाषेत.

माझी भाची खानापूर तालुक्यातली. मराठी शाळेत पहिल्या तिनांत असायची. पीयूसीसाठी माझ्याकडे राहायला आली, शनिवारी दुपारची गाडी धरून गावी जायची. पहिल्या सहामाहीत एकदा फिजिक्सचं पुस्तक घेऊन आली आणि वैतागून म्हणाली, “आत्ती, हे पुस्तकच खोटं बोलतंय. दोरीला वजन नाही म्हणे. दोरीला वजन नसतं होय?”

वाक्य होतं, ‘लेट अस अझ्यूम दॅट द स्ट्रिंग इज मासलेस.’ मासलेस तिला कळलं होतं, स्ट्रिंग कळलं होतं. ‘अझ्यूम’ या शब्दावरून ती सरळ उडी मारून गेली होती. मी सांगितलं, अझ्यूम म्हणजे गृहीत धरणं. तिनं पेन्सिलीनं शब्दावर ‘गृहीत’ लिहिलं, मान हलवली. पुढच्या पानावर तोच शब्द आला तेव्हा पुन्हा पाटी कोरी.

इथे एका माणसाची आठवण काढायला हवी. मायकेल वेस्ट. इंग्रजांच्या काळात ढाक्याला शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात होता. १९२० च्या दशकात त्यानं बंगालमधल्या मुलांचं इंग्रजी बारकाईनं पाहिलं. त्याला दिसलं की बहुतेक मुलं शाळा अर्धवट सोडतात, आणि सोडताना त्यांच्या हातात कामाला येईल असं काहीच नसतं. थोडं व्याकरण, थोडं पाठांतर, दोन कविता. त्यानं त्याला विम्याच्या भाषेत ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हटलं. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात किती पडतं? ज्या घरात एलआयसीचा हप्ता भरला जातो तिथे हे कुणालाही फोड करून सांगावं लागत नाही. वेस्टचं म्हणणं, मुलाला आधी वाचता येऊ दे. बोलायला साहेब समोर लागतो, वाचायला फक्त पुस्तक. मग त्यानं जुन्या गोष्टी घेऊन त्यांतले अवघड, दुर्मीळ शब्द काढले, सोपे घातले, नवे शब्द बेतानं आणले आणि आणलेला शब्द पुन्हा पुन्हा येईल अशी सोय केली. पुढे १९५३ मध्ये त्याच्या संपादनाखाली साधारण दोन हजार नित्याच्या इंग्रजी शब्दांची यादी निघाली. पातळीनुसार सोप्या केलेल्या गोष्टींची जी पुस्तकं आज सगळ्या जगात शिकवायला वापरतात, त्यांच्या पायात ढाक्याच्या वर्गांतली ही माती आहे. आपल्याकडे मात्र तर्खडकरी वळणच जास्त रुजलं. वाक्य द्या, भाषांतर करा, चूक काढा. त्या पद्धतीनं एका पिढीची इंग्रजी पक्की झाली हे खरं, पण त्या पिढीतली किती माणसं पुढे इंग्रजीत गोष्ट वाचत बसली?

भाचीसाठी मी रद्दीच्या दुकानातून इंग्रजी माध्यमाच्या सातवी-आठवीची जुनी पाठ्यपुस्तकं आणली. किलोच्या भावानं मिळतात, आणि त्यांतल्या गोष्टी पीयूसीच्या मराठी माध्यमवाल्या मुलीला बरोबर बसतात. पहिल्या दिवशी तिचा चेहरा पडला. “आठवीचं?” मी म्हटलं, कव्हर फाडून टाक. तिनं खरंच फाडलं.

त्यातली एक गोष्ट एका तिरसट घरमालकिणीची होती. तिच्या खोलीत एक तरुण भाडेकरू राहायला येतो. मांजर पाळायचं नाही ही अट, आणि त्यानं ट्रंकेत मांजर लपवलेलं. सुरुवातीलाच घरमालकीण त्याला ‘रिलक्टंटली’ किल्ली देते. भाची म्हणाली, हळूच देते. ठीक आहे, मी काही बोलले नाही, पुढे वाच म्हटलं. पुढच्या पानावर भाडेकरू मांजर ‘रिलक्टंटली’ ट्रंकेत ठेवतो. इथेही हळूच चालतं. मग एका ठिकाणी तो घरमालकिणीनं केलेला जळका केक ‘रिलक्टंटली’ खातो. ती थांबली. केक हळूच कशाला खाईल? समोर ती बसलीय, तिनंच दिलाय. पाठीमागची दोन पानं पुन्हा उलटली, आणि एकदम म्हणाली, “आत्ती, मनात नसताना! दादा रोप लावायला जातो तसं की!”

आता तिचा दादा जुलैच्या पावसात चिखलात उतरायला किती उत्साही असतो ते मला चांगलं माहीत आहे. या शब्दाला यापेक्षा चांगला अर्थ कुठल्याही डिक्शनरीत नाही. आणि तो तिचा तिनं काढला, चुकीच्या अंदाजावरून सरकत सरकत. मी पहिल्याच वेळी सांगितलं असतं तर पेन्सिलीनं लिहिलं असतं आणि विसरली असती.

त्याच गोष्टीत शेवटी घरमालकिणीला म्यांव ऐकू येतं. ती ‘अझ्यूम’ करते की बाहेरचं मांजर असेल. ते असतं आतलंच. भाची गालातल्या गालात हसली आणि काही न बोलता आत जाऊन फिजिक्सचं पुस्तक घेऊन आली. दोरीला वजन असतंच, पण आपण क्षणभर नाही असं धरून चालायचं, म्हातारी धरून चालली तसं. या शब्दावर आता तिला पेन्सिल लागत नाही.

अर्थात अंदाज बांधायला आजूबाजूची जमीन घट्ट लागते. यावर अभ्यास झालेले आहेत. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी सगळी हयात शब्दसंग्रह या एका विषयात घातली. २००० साली त्यांनी आणि मार्सेला हू यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक गोष्ट घेतली, तिच्यातले काही शब्द काढून तिथे अर्थ नसलेले बनावट शब्द घातले आणि विद्यार्थ्यांना वाचायला दिली. शंभरातले ऐंशीच शब्द ओळखीचे होते त्या गटात कुणालाच गोष्ट नीट कळली नाही. कुणाची मदत न घेता बरं समजायला ९८ टक्क्यांच्या आसपास शब्द माहीत असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे पन्नास शब्दांत एक नवा. तीनशे शब्दांचं पान धरलं तर सहा. हा हिशेब मी भाचीला बोटांवर करायला शिकवला. पान वाचताना नवा शब्द आला की एक बोट मिटायचं. एका हाताची बोटं संपून दुसऱ्या हातावर बरंच पुढे गेलं तर ती गोष्ट आज नको, सहा महिन्यांनी.

या हिशेबामुळे आणखी एक भ्रम गेला. नेटवर जुन्या इंग्रजी कथांचा खजिना फुकट आहे, तोच मुलांना द्यावा असं पुष्कळ मास्तर सांगतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कथांत पानाला वीस-पंचवीस शब्द अडतात, आणि त्यांतले निम्मे आज इंग्लंडातही कुणी बोलत नाही. घोडागाडीच्या भागांची नावं शिकून खानापूरच्या पोरीनं करायचं काय? फुकट आहे म्हणजे सोपं आहे असं नव्हे. त्यापेक्षा आपल्याकडच्या लेखकांनी इंग्रजीत लिहिलेल्या साध्या कथा बऱ्या. त्यांत रेशनचं दुकान असतं, वडिलांचा धाक असतो, परीक्षेची भीती असते. जग ओळखीचं असलं की नवा शब्द एकटा सापडतो, त्याला घेरता येतं.

प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून नेटवर मोफत आहे. गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या, आणि अनेक गोष्टी इंग्रजी, मराठी, कन्नड तिन्हींत मिळतात. बेळगावच्या घरांसाठी याहून सोयीचं काही मला दिसलेलं नाही. पण त्या लहान मुलांच्या गोष्टी. सोळा वर्षांच्या मुलीला हत्तीच्या पिल्लाची गोष्ट दिली की तिचा अपमान होतो. चौथ्या पातळीवरच्या काही चालतात. तिच्या धाकट्या भावाला मात्र मी तीच देते, आणि ती चोरून वाचते हेही मला माहीत आहे.

सगळ्यात जास्त त्रास मोठ्या शब्दांनी दिला नाही. दिला तो छोट्यांनी. ‘पुट’ माहीत, ‘अप’ माहीत, ‘विथ’ माहीत, आणि घरमालकीण म्हणते मी हे ‘पुट अप विथ’ करणार नाही, म्हणजे खपवून घेणार नाही. काय वर ठेवणार नाही? भाची डिक्शनरीत ‘पुट’ काढून बसली, तिथे दीड पानभर मजकूर. असे जोडशब्द इंग्रजी बोलण्यात पावलोपावली असतात आणि शाळेच्या धड्यांत त्या मानानं कमी, कारण धडे लिहिणाऱ्यांना भारदस्त शब्द आवडतात. पण मराठी माणसानं यात घाबरण्यासारखं काही नाही. रडून घेतलं, रडून टाकलं, रडत राहिली, रडत सुटली. एक छोटं क्रियापद शेजारी बसलं की सगळा नूर बदलतो, हे आपल्या कानाला जन्मापासून माहीत आहे. तिला एवढं दाखवल्यावर तिनं डिक्शनरी मिटली आणि पूर्ण वाक्यच वहीत उतरवलं.

वहीची पद्धत तिची तिनंच बसवली. डावीकडे गोष्टीतलं आख्खं वाक्य, उजवीकडे त्याच शब्दाचं आपल्या घरातलं वाक्य. अर्थाचा रकानाच नाही. उजव्या बाजूला आमच्या घराण्याची इतकी बदनामी लिहून ठेवलीय की ती वही पाहुण्यांच्या हाती लागू नये एवढीच माझी इच्छा. ‘माय अंकल ग्रंबल्स अबाउट द मटन’ हे वाक्य वाचून माझ्या नवऱ्यानं डिक्शनरी मागितली आणि मग दोन दिवस खरोखरच ग्रंबल केलं, म्हणजे कुरकुर केली.

गोष्टींनी सगळं भागतं असं मी म्हणणार नाही. अव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठातल्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची, म्हणजे एकेक मूळ शब्द आणि त्याची रूपं यांची, यादी केली. त्यात ‘अझ्यूम’ आहे, ‘डिराइव्ह’ आहे, ‘सिग्निफिकंट’ आहे. ‘अझ्यूम’ गोष्टीत भेटला, पण ‘डिराइव्ह’, म्हणजे सूत्र काढून दाखवणं, ते कुठली म्हातारी करणार? तसल्या शब्दांसाठी विषयाचंच पुस्तक वाचायला लागतं, आणि तिथे यादीही कामाला येते. शिवाय एकदा भेटलेला शब्द आपला होत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी दहा-बारा वेळा तरी गाठ पडावी लागते असं हे अभ्यासक सांगतात. म्हणून एक गोष्ट घोटण्यापेक्षा एकाच धाटणीच्या पुष्कळ गोष्टी वाचलेल्या बऱ्या. एकाच लेखकाच्या चार वाचल्या की त्याचे लाडके शब्द आपोआप पुन्हा समोर येतात.

उच्चाराचं काय, असं मला लोक विचारतात. गोष्ट वाचून उच्चार येत नाही, बरोबर. भाची बरेच दिवस ‘रिलक्टंट’मधला ट गिळायची. पण गल्लीतली इंग्रजी माध्यमाची मुलं उच्चारात फर्डी आहेत आणि घरमालकिणीची तीच गोष्ट त्यांतल्या एकाला दिली, तर ‘रिलक्टंटली’ त्यालाही आलं नाही. त्याच्या शाळेतही इंग्रजीत कुणी रुसत नसणार. आता तोही संध्याकाळी येऊन बसतो. तो मोठ्यानं वाचतो, भाची अर्थ लावते आणि दोघं एकमेकांच्या चुका काढतात.

सध्या वाद निवडीवरून चाललाय. मुलांना भुताच्या गोष्टी हव्यात, मला माणसांच्या. भाचीचा मुद्दा असा की भुताच्या गोष्टीत माणसं जास्त घाबरतात, दचकतात, कुजबुजतात, तेव्हा क्रियापदं जास्त मिळतात. मी दोन गोष्टी चाळून पाहिल्या. तिचं म्हणणं बरोबर आहे. या शनिवारी गावी जाताना ती तीन गोष्टींची झेरॉक्स घेऊन गेलीय, एक दादासाठी. दादानं ती घेतली म्हणे. कशी घेतली ते तिनं फोनवर एका शब्दात सांगितलं.